कलम अकरा : नापसंत असल्यास जावे

आमच्या सोसायटीतील हुकूमशाही मी लिहिली. हे विधान मी कोणत्याही दबावाखाली करीत नसून पूर्ण शुद्धीवर आणि सकाळचा चहा झाल्यानंतर करीत आहे. लिहिली म्हणजे अक्षरशः लिहिली: जेवणाच्या टेबलावर, चौदा कलमांत, समास सोडून. नवीन पनवेलमधील अठ्ठेचाळीस सदनिकांच्या आमच्या इमारतीला मी जे बहाल केले त्याचे नाव 'सहजीवन करारनामा' असे होते. पत्नीने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "अहो, यात जीवन कुठल्या कलमात आहे?" मी तो विनोद समजून सोडून दिला. ती विनोद करीत नव्हती.

मी कायद्याचा पदवीधर आहे. वकिली मात्र कधी केली नाही. चार माणसांसमोर उभे राहिलो की माझा घसा सुकतो. म्हणून एका खाजगी कारखान्याच्या विधी विभागात बसून मी नोकरीची सगळी वर्षे इतरांचे करारनामे तपासले, आणि बोलण्याचे जे राहून गेले ते पत्रांत उतरवले. संपादकांना, महापालिकेला, वीज कंपनीला, बँकेला, समोरच्या इमारतीतील गाणे शिकणाऱ्या बाईंना. प्रत्येक पत्राची स्थळप्रत माझ्याकडे आहे आणि प्रत्येकीला पोचपावती टाचलेली आहे. टपाल खात्याने रजिस्टर्ड हा प्रकार मोडीत काढून स्पीड पोस्टात विलीन केला, त्याच आठवड्यात मी टपाल खात्याला निषेधाचे पत्र पाठवले. ते स्पीड पोस्टाने पाठवावे लागले, ही गोष्ट मी घरी सांगितली नाही.

माझा राग मात्र लटका नव्हता. तरुणपणी मी टेलिफोनसाठी अर्ज केला होता. वडील गावी एकटे होते, आजारी होते, आणि त्यांच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता. आमच्याकडे आला असता तर रोज आवाज ऐकता आला असता. सरकारी यादीत माझा क्रमांक सरकत सरकत आला तेव्हा वडील जाऊन दीड वर्ष झाले होते. काळे यंत्र बसवून तंत्रज्ञ म्हणाला, "करा एक फोन, टेस्टिंगला." मला कोणालाच करायचा नव्हता. त्या दिवसापासून मी मुक्त बाजाराचा माणूस झालो. सरकार जितके आखूड, तितका नागरिक उंच. दोन सज्ञान माणसांनी स्वखुशीने केलेला करार हे जगातील एकमेव पवित्र बंधन. आणि ज्याला एखादी व्यवस्था पसंत नसेल त्याने ती सोडून जावे, यापरते स्वातंत्र्य नाही. हे माझे धर्मशास्त्र होते. पुढे दहा मिनिटांत मोबाइल मिळू लागला तेव्हा मला वाटले, शास्त्र सिद्ध झाले.

या शास्त्राला संध्याकाळच्या बाकावर एकच प्रतिवादी होता. हे गृहस्थ आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. उरणकडच्या मिठागरवाल्या घराण्यातले. जमीन बंदरासाठी गेली, मग त्याच बंदरात नोकरी लागली आणि ते तिथल्या कामगार संघटनेत आयुष्यभर भांडले. ते मला 'वकील' म्हणतात. मी वकील नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच म्हणतात.

एके संध्याकाळी, डोक्यावरून विमान जाईपर्यंत थांबून, ते म्हणाले, "वकील, तुमचा यो मोकला बाजार हाय ना, तो येक दिवस दांडका घेऊन उबा ऱ्हानार."

"अशक्य," मी म्हणालो. "फॅसिझम म्हणजे राज्यसंस्थेची पूजा. आम्ही राज्यसंस्थाच नको म्हणतो. दारू न पिणाऱ्याला तुम्ही यकृताच्या विकाराची भीती घालता आहात."

"सरकारचा नाय बोलत मी. ज्याला सगला मोकला पायजे, त्याला शेवटी गेटाव कोन तरी उबा करावा लागतो. नायतर बाकीचे बी मोकले होतात."

मी घरी गेलो आणि चौदा पानांचे उत्तर लिहिले. दोन मजले खाली स्वतः जाऊन ते त्यांच्या हाती दिले आणि पोच म्हणून सही मागितली. त्यांनी सही केली. पत्राबद्दल मात्र काही महिने चकार शब्द काढला नाही, त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की प्रतिवादी निरुत्तर झाला आहे.

याच सुमारास करारनाम्याचा प्रसंग आला. सोसायटीच्या सभा म्हणजे तेव्हा एक शोकांतिका होती. अठ्ठेचाळीसपैकी अकरा माणसे येत. त्यांतली चार गळतीवरून भांडत, तीन जुन्या गळतीवरून भांडत आणि उरलेली चहा येईपर्यंत बसत. गेटवरचा म्हातारा पहारेकरी सर्वांना आत सोडी: पावडर विकणाऱ्यांना, भविष्य सांगणाऱ्यांना, एकदा एका गायीला. तशात नवे अध्यक्ष निवडून आले. स्नानगृहाच्या फरश्यांचा त्यांचा मोठा व्यवसाय आहे. वागणे नम्र, शर्ट कडक, आणि वाक्य सहसा चार शब्दांहून लांब नाही. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, सिस्टिम पाहिजे."

मला आयुष्यात फारसे कोणी 'सर' म्हटलेले नव्हते. कारखान्यात मी 'लीगलवाले' होतो. हुकूमशाहीच्या उगमाबद्दल पुढे कोणी संशोधन केलेच, तर या एका शब्दाची नोंद घ्यावी अशी माझी विनंती आहे.

मी तीन आठवडे लिहिले. महापालिकेकडे तक्रारी करण्याऐवजी आपण आपसात करार करू, खाजगी सुरक्षा नेमू, आपले आवार आपण चालवू, असा तो विचार होता. अजूनही तो मला सर्वस्वी मूर्खपणाचा वाटत नाही. कलम चार : आवार खाजगी असून प्रवेश हा हक्क नसून परवानगी आहे. कलम पाच : वाहनतळावरील आपापल्या जागेवर ज्याचा त्याचा अनिर्बंध ताबा राहील. कलम सात : लेखी सूचनेवर पंधरा दिवसांत लेखी हरकत न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल. हे मी विशेष अभिमानाने लिहिले, कारण माझ्या पत्रांना उत्तर न देणाऱ्या समस्त मानवजातीवर तो सूड होता. कलम नऊ : सूचनाफलकावर अध्यक्षांच्या पूर्वपरवानगीविना काहीही लावता येणार नाही, ते कोचिंग क्लासवाल्यांसाठी. कलम दहा : तातडीच्या बाबतीत अध्यक्षांचा निर्णय अंतिम, कंपनी अशीच चालते, बाजार मतदानासाठी थांबत नाही. आणि कलम अकरा, माझ्या धर्मशास्त्राचा कळस : ज्या सभासदास वरील व्यवस्था नापसंत असेल तो आपली सदनिका विकून अन्यत्र जाण्यास सर्वथैव मुक्त राहील.

सर्वांनी सही केली. वाचले किती जणांनी, हे मी विचारले नाही. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनीही केली. म्हणाले, "तुमी लिवलाय म्हनून करतो."

पहिले सहा महिने सुवर्णयुग होते. जिने चकचकीत, गाड्या रांगेत, गाय पुन्हा आली नाही. म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या जागी काळ्या टी-शर्टातील चार उंच माणसे आली. मी त्यांना सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हणे आणि ते टाच आपटत. मला ते आवडे. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडे.

मग भाड्याने राहणाऱ्या अविवाहित मुलांना, शिस्तीचे कारण देऊन, महिन्याभरात बाहेर काढले गेले. कलम दहा. मी म्हणालो, करार म्हणजे करार. मग घरकाम करणाऱ्या बायकांच्या पिशव्या जाताना उघडून पाहू लागले. कलम चार. मी म्हणालो, खाजगी मालमत्तेवर मालकाचा तो अधिकारच आहे. माझी पत्नी आमच्याकडे येणाऱ्या बाईंना गेटपर्यंत सोडायला जाऊ लागली. "तू कशाला जातेस?" मी विचारले. ती म्हणाली, "माझा पण अधिकार आहे, कलम नाही मिळालं अजून."

आता जिच्यामुळे ही हकीकत लिहावी लागत आहे तिच्याकडे येतो. उलव्याच्या बाजूला खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक बाई बावीस वर्षे आमच्या इमारतीत म्हावरं, म्हणजे मासळी, विकायला येत असे. बुधवार, शुक्रवार, रविवार. ती येऊ लागली तेव्हा इमारतीला रंगही लागला नव्हता. पूर्वी घरच्या होडीचे म्हावरं आणी. खाडीत भराव पडल्यापासून उरणजवळच्या करंजा बंदरावरच्या लिलावातून उचलून बसने येई. जिन्याखालच्या कट्ट्यावर पाटी उतरवी आणि एकच हाक देई. पत्नीला ती 'वयनी' म्हणे, मला 'वकीलबाबा'. शुक्रवारी जिताडा असेल तर हाक न देता थेट तिसऱ्या मजल्यावर येऊन बेल वाजवी. रायगडातल्या माणसाला जिताड्याबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही आणि इतरांना सांगून उपयोग नाही. आमच्या इमारतीत तिची तीसेक घरे होती. या घरांवरच तिचे घर चाले; दुसरीकडे बसावे तर प्रत्येक नाक्यावर कोणीतरी आधीच बसलेली असते, आणि त्या जागा आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जातात. तिने स्वतः सांगितल्याप्रमाणे आमचा कट्टा हीच तिची होडी होती.

एका शुक्रवारी सकाळी दूध घेऊन परत येताना मी तिला गेटाबाहेर उभी पाहिली. पाटी डोक्यावरच होती. काळ्या टी-शर्टातला माणूस हात आडवा करून उभा होता.

"वकीलबाबा, यो मना आत सोडत नाय. बोलतो, वास येतो."

माझे डोके फिरले. "कोणी सांगितले तुला?" मी त्याच्यावर ओरडलो. "बावीस वर्षे येते आहे ती! हा कसला नियम? कुठल्या गाढवाने केला?"

"साब, ऑर्डर है," तो शांतपणे म्हणाला, आणि केबिनमधून प्लॅस्टिकच्या आवरणातला कागद घेऊन आला. नियमाचे शब्द चांगले होते. फारच चांगले होते. 'प्रवेश हा हक्क नसून परवानगी आहे.' खाली 'मसुदाकार' म्हणून माझी सही होती, नेहमीप्रमाणे तारखेसह.

बाईला वाचता येत नव्हते. माझा चेहरा मात्र तिने वाचला. "तुमीच लिवलाय काय ह्ये?"

"मसुदा माझा आहे. पण त्याचा हेतू..."

"तुमीच लिवलाय ना? मंग तुमीच खोडा."

मी तिला समजावू लागलो की एकदा स्वाक्षरी झालेला दस्त लेखकाला एकट्याने खोडता येत नाही. दुरुस्तीला दोन तृतीयांश सभासदांच्या, म्हणजे बत्तीस जणांच्या, सह्या लागतात, तशी तरतूद कलम तेरामध्ये... तिने पाटीखालची चुंबळ सारखी केली. "कलमा ऱ्हाऊ द्या. बरफ वितळतोय," म्हणाली आणि बसथांब्याकडे चालू लागली. त्या दिवशी तिच्या पाटीत जिताडा होता. हे मला नंतर पत्नीकडून कळले, आणि ज्या स्वरात कळले तो स्वर कोणत्याही न्यायालयीन ताशेऱ्याहून कठोर होता.

मी लढाईला उतरलो. म्हणजे पत्र लिहिले. अध्यक्षांना नऊ पाने. त्यांचे उत्तर मोबाइलवर आले: "नोटेड सर." मी ते पत्र सूचनाफलकावर लावायला गेलो. काळ्या टी-शर्टाने कलम नऊ दाखवले. तेव्हा अध्यक्षांच्या विरुद्धचे पत्र लावण्यासाठी मी अध्यक्षांकडे रीतसर परवानगी मागितली. ती नाकारताना ते स्वतः घरी आले, सोफ्यावर बसले, चहा घेतला.

"सर, बोर्डवर निगेटिव्ह नको."

"पण हा अन्याय आहे! ती बाई..."

"लोक खूश आहेत, सर. मुदतीत कोणी ऑब्जेक्शन घेतलं? पंधरा दिवस झाले. कलम सात." मग अत्यंत आदराने, माझा विद्यार्थी शोभेल अशा स्वरात : "आणि कोणाला नाहीच आवडलं, तर अकरा आहेच ना. तुम्हीच शिकवलंत, सर."

ते खोटे बोलत नव्हते. लोक खूश होते. जे नव्हते ते लिफ्टमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवून "तुमचं बरोबर आहे हो" म्हणत आणि आपल्या मजल्यावर उतरून जात.

शेवटी माझ्याकडे एकच दार उरले, आणि ते सरकारचे होते. सोसायट्यांविरुद्ध दाद जिथे मागतात त्या सहकार खात्याच्या कार्यालयात मी गेलो. तिथल्या लिपिक बाईंनी माझी तक्रार वाचली, आमच्या सोसायटीची जुनी फाइल काढली, एक पान उलटले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "काका, हे पत्र पण तुमचंच ना?" काही वर्षांपूर्वीचे होते. विषय : 'आपले कार्यालय तात्काळ बंद करणेबाबत.' सहकार खाते हा नागरिकांच्या करारस्वातंत्र्यावरील अतिक्रमणाचा अवशेष असल्याने ते विनाविलंब बरखास्त करावे, असे मी सात पाने लिहून त्याच कार्यालयाला कळवले होते. पोचपावती टाचलेली होती.

"माझेच," मी म्हणालो.

"बंद नाही झालं अजून," त्या म्हणाल्या, आणि माझ्या तक्रारीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारला. "सुनावणीला वेळ लागेल. कराराने कायदा मोडत नाही काका, हे तुमच्यासारख्यांना मी काय सांगू?" आयुष्यात मला कोणत्याही शिक्क्याचा इतका आधार वाटला नव्हता आणि इतका रागही आला नव्हता.

त्या संध्याकाळी मी बाकावर बसलो आणि पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी टोमणा मारण्याची वाट पाहू लागलो. त्यांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले. माझे चौदा पानी पत्र.

"वाचलाय मी सगला. तेरा पाना बराबर हायत. सरकारचा छल मना बी म्हाईत हाय. आमची जमीन सरकारनीच घेतली. पन ह्या चौदाव्या पानाव तुमी लिवलाय, ज्याला पटत नाय त्यानी जावा." त्यांनी कागद पुन्हा घडी केले. "जावाचा कुटं, वकील? ज्याला दुसरीकडं जागा हाय, त्यालाच जाता येता. आमी येकदा गेलोय. ती म्हावरंवाली बी येकदा गेलीय, खाडीतनं तुमच्या कट्ट्याव. आता कट्ट्याव्न कुटं?"

मी गप्प राहिलो. कलम सातनुसार ती संमती होती.

तेव्हापासून मी या प्रश्नावर विचार करतो आहे, आणि रागाने करतो आहे, कारण उत्तर माझ्याविरुद्ध जाते. मुक्त बाजारातून फॅसिझम आपोआप निघतो, असे मी आजही म्हणणार नाही. दूध आपोआप दही होत नाही, विरजण लागते. प्रश्न एवढाच की विरजण कोणी लावले. सभेत भांडणाऱ्या अकरा माणसांचा मला तिटकारा होता. मला वेगाने, स्वच्छ, वादावादीशिवाय चालणारी व्यवस्था हवी होती, आणि मालमत्ता ज्याची त्याचा शब्द शेवटचा, हे तत्त्व मी इतके ताणले की ज्याच्याकडे मालमत्ता नाही त्याला शब्दच उरला नाही. मी आयुष्यभर दिल्लीकडे दुर्बीण लावून हुकूमशहाची वाट पाहिली आणि गेटावर माझ्याच हस्ताक्षरात त्याची नेमणूक केली. आमचे अध्यक्ष काही राक्षस नाहीत. त्यांनी माझ्या करारनाम्याबाहेर एक पाऊलही टाकलेले नाही. खंत आहे ती हीच. टेलिफोनच्या यादीने मला जे केले, तेच मी यादी न करता दुसऱ्या कोणाला तरी केले.

विचार झाला, पण शुक्रवार येतच होते. मग मला माझ्याच शस्त्राची आठवण झाली. मी अध्यक्षांना अकरा पानांची सूचना स्पीड पोस्टाने पाठवली. कलम पाचनुसार वाहनतळावरील माझ्या जागेवर माझा अनिर्बंध ताबा आहे. मी गाडी विकलेली आहे. सदर जागेत आठवड्यातून तीन दिवस माझी पाहुणी म्हणून सदर बाई बसतील. पंधरा दिवसांत लेखी हरकत न आल्यास कलम सातप्रमाणे संमती गृहीत धरण्यात येईल. मागणीचे वाक्य मी दहाव्या पानावर ठेवले होते. माझी पत्रे कोणी तिसऱ्या पानापुढे वाचत नाही, या कटू अनुभवाचा इतका उत्तम उपयोग मी पूर्वी केला नव्हता. सोळाव्या दिवशी मी पोचपावती घेऊन गेटावर उभा राहिलो आणि काळ्या टी-शर्टाला ती वाचून दाखवली. तो करारनाम्याला माझ्याहून जास्त घाबरतो. त्याने हात खाली घेतला.

बाईने माझ्या जागेत, पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध, पाटी उतरवली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिलो. मला वाटते, मी आभाराची वाट पाहत होतो.

"खोडला काय?" तिने विचारले.

"खोडले नाही. पण आता तुम्हाला कोणी अडवणार नाही. ही माझी जागा आहे, तुम्ही माझ्या पाहुण्या."

"आनी उद्या तुमी मेलाव तर?"

पत्नी कोलंबी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

"आज तुमच्या मेहेरबानीव बसते, प्वाट हाय म्हनून," बाई कोयता पुसत म्हणाली. "पन बावीस वरसा मी मेहेरबानीव नव्हती बसत. तो कागद खोडा, वकीलबाबा. किती सह्या लागतात बोललाव?"

"बत्तीस."

"झाल्या किती?"

"चार." एक माझी, एक पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांची आणि दोन आमच्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या. घरोघरी मी पाच पानांचे निवेदन दाराखालून सरकवले होते आणि उत्तरासाठी पत्ता दिला होता.

ती हसली. मग बोटांवर मोजत, ज्याची त्याची ओळख ते घेत त्या म्हावऱ्यावरून देत बोलू लागली, आणि मी नकळत खिशातून वही काढून लिहून घेऊ लागलो. दुसऱ्या मजल्यावरची सुकटवाली. नवरा नाय बोलेल, तिलाच भेटा, दुपारी. चौथ्या मजल्यावरची मांदेलीवाली. तिची सून बालंतीन हाय, आधी बालाचा विचारा. पाचव्यावर दोघं भाऊ, भांडलेत. मोठ्याची सही पयली घेऊ नका, बारका करनार नाय. बावीस वर्षांत तिने अठ्ठेचाळीस दारांमागची माणसे ओळखली होती, आणि मी त्यांना फक्त सभासद क्रमांकाने ओळखत होतो. नागरिकशास्त्राचा इतका मोठा ग्रंथ आमच्या जिन्याखाली बसत होता आणि मी त्याला वासाचे कलम लावले होते.

तेव्हापासून मी दारोदार फिरतो आहे. घसा सुकतो. पहिल्या काही दारांत मी निवेदन मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि लोकांनी मला पाणी दिले. आता मी बाळाचे विचारतो, गुडघ्यांचे विचारतो, आणि कागद शेवटी काढतो. दर शुक्रवारी ती विचारते, "किती?" आणि मी शाळकरी मुलासारखा आकडा सांगतो. नऊ. पंधरा. बावीस. मी वाहनतळाची सूचना मागे घ्यावी असे पत्र अध्यक्षांनी मला पाठवले आहे. मी हरकत लेखी नोंदवली आहे, पंधरा दिवसांच्या आत. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.

गेल्या शुक्रवारी आकडा एकतीस होता, आणि तो तीन आठवडे एकतीसच होता. राहिलेली सतरा घरे अध्यक्षांची, दार न उघडणारी, किंवा कुलूप लावून परदेशी गेलेली.

"सहावा मजला केलाव?" तिने विचारले.

"सहाव्यावर अध्यक्ष राहतात."

"त्याची आय बी ऱ्हाते. घर तिच्या नावाव हाय. मना म्हाईत हाय, तिनीच सांगितलाय. चोरून निवट्या घेवाला खाली येत होती, पोराला चिखलातला म्हावरं चालत नाय म्हनून."

मी जागच्या जागी उभा राहिलो. सभासद यादी माझ्या हस्ताक्षरातली होती. सहाशे चार : अध्यक्षांच्या मातोश्री. सभासद त्याच, अध्यक्ष त्यांच्या वतीने समितीवर आले होते. ती यादी मी स्वतः तयार केली होती आणि कधीही माणसांची यादी म्हणून वाचली नव्हती.

मी सहाव्या मजल्यावर गेलो, बेल वाजवली. माझ्याच वयाच्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी दार उघडले. मागे घर शांत होते. अध्यक्ष दुकानी गेलेले होते. तोंडाशी आलेले 'सविनय' मी गिळले.

"गुडघे कसे आहेत?" मी विचारले.

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले, मग जिन्याकडे. "ती आली आहे का खाली?"

"आली आहे."

"निवट्या आहेत?"

"आहेत," मी म्हणालो. इतके छोटे, इतके मुद्देसूद उत्तर मी आयुष्यात कोणाला दिले नसेल.

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. मग म्हणाल्या, "थांबा. चष्मा आणते."

त्या आत गेल्या. दार उघडेच होते. मी बाहेर उभा राहिलो, कारण प्रवेश हा हक्क नसून परवानगी असते, आणि ती मला अजून मिळालेली नव्हती.